ओढणीची गाठ

गयासनं पहिलाच घास ताटलीत थुकला.

"आज बी मीठ नाय. कुठं असतं गं तुझं डोकं?"

रोजा सोडायची, मगरिबची अजान आत्ताच झाली होती. फहमिदाच्या हातातला खजूर हातातच राहिला.

रोजे लागल्यापासून हेच. कधी मीठ लई, कधी मीठच नाय. नवरा तापट असला तर रोज्यात बाईनं जिभेच्या टोकावर मीठ बघावं आन् थुकून टाकावं, तेवढं चालतं, असं मोहल्ल्यातल्या बाया सांगायच्या. फहमिदा रोज बघायची. तिला बरोबर लागायचं. गयास म्हणायचा, "जीभच मेलीय तुझी." आता तिला बी तसंच वाटाय लागलं. मीठ टाकलं की ती ओढणीला गाठ मारायची. मग गाठीकडं बघत बसायची. ही आजची का कालची? केस विंचरणं सुटलं. दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडायची.

सासू जैतुनबीला शुगर, तिला रोजा नाय. तिनं चाखलं असतं तर काय बिघडलं असतं? पण विचारलं की ती मान हलवायची. "मला नको विचारू बाई. मला मीठ कळत नाय." सासरा रहीम जैतुनबीला तसंच म्हणायचा, तुला मीठ कळत नाय. शेवटी त्यानं तिला चुलीवरून उठवलं आन् दहा वर्षांच्या लेकीला, सगीराला बसवलं. रहीम मरून बारा वर्षं झाली. म्हातारी अजून चुलीला हात लावत नाय.

"सगीराआपाचा हात बघ," गयास म्हणाला. "एक दिवस चुकत नाय. उद्या करमाडहून तुझ्या बापाला बोलावतो. घेऊन जा म्हणतो तुमची येडी."

फहमिदानं ओढणी चाचपली. गाठ नव्हती.

"आज माझ्यानं उठवलंच नाय," ती हळू म्हणाली. "सैपाक केलाच नाय मी. हा दालचा सगीराआपानंच पाठवलाय, चिकलठाण्याहून. डबा मोरीत पडलाय बघा."

गयासनं मोरीतला डबा बघितला. मग उठला. डोक्यावर टोपी ठेवली.

"उघडा ठेवला असशील. चव गेली," म्हणाला आन् नमाजाला निघून गेला.

जैतुनबीनं पातेलं ओढलं. बोट बुडवलं, चाटलं. परत बुडवलं. लई वेळ चाटत बसली.

"बरोबर हाय की गं," ती म्हणाली. "मग माझं बी... बरोबरच असंल का?"