शाईची काडी

खापरच्या शाळेत मतदान अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. चाळीस जणांनी सरावाची मतं टाकली; यंत्राने एकेचाळीस दाखवली.

प्रशिक्षण देणाऱ्या कामिनी मॅडमनी यंत्र शून्यावर आणून पुन्हा मतदान घेतलं. पुन्हा एकेचाळीसच.

तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांना जागेवरच बसवून ठेवलं. तरीही पुठ्ठ्याच्या आडोशातून मत पडल्याचा तो लांबलचक बीप आला.

“मॅडम,” अंगणवाडीच्या तापीबाई हळूच म्हणाल्या, “तुम्हीन तिले शाई लाई नही. म्हनीसन ती परत परत ई ऱ्हायनी.”

सरावाला शाई कोण लावतं? तरी मॅडमनी बाटली उघडली आणि काडी समोरच्या रिकाम्या जागेत धरली. काडी कशावर तरी टेकली. टोकाची शाई पुसली गेली.

तापीबाई आता दाराकडे बघत होत्या.

“मॅडम, तिन्हा मांगे जेवढा उभा शेतस, त्या बी बोट पुढे करी ऱ्हायनात.”