टिल्लूचं पान

टिल्लूच्या तोंडातून लाळ गळत होती, पण भांड्याला तो तोंड लावेना.

"खा ने, टिल्लू," कुंदन त्याच्यापुढे उकिडवा बसून विनवण्या करत होता. "जम ने, बापा!"

टिल्लू नुसता जिन्याच्या दाराकडे बघत राहिला.

नाव टिल्लू, पण अंग वासराएवढं. कुंदन सुरतेजवळ पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवायच्या खात्यात कामाला. तिथल्या शेठच्या ग्रेट डेनला पिल्लं झाली, त्यातलं एक त्यानं टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. तेव्हा ओंजळीत मावत होतं, म्हणून कुंदनच्या बायकोनं, योगितानं हे नाव ठेवलं. पुढे तो नवागामच्या गल्लीतून निघाला की समोरून येणारी रिक्षा थांबायला लागली. आता मात्र तो जेमतेम जिना चढायचा. बरगड्या दिसत होत्या आणि बसलेला उठताना पाय थरथरत होते.

पिशवीतलं कोरडं खाणं त्याच्या पोटात ठरत नव्हतं. कंपन्या बदलून झाल्या, भिजवून दिलं, तरी उलटी व्हायचीच. नवराबायकोत यावरून रोज जुंपायची. कुंदन म्हणायचा, कुत्र्याची जात आहे, कच्चं मांस द्यायला हवं. योगिता म्हणायची, कच्च्यात जंतू असतात, कोरडंच बरं. शेवटी डॉक्टरांनी दोघांनाही समजावलं. पचलं तर कोरडं सोपं आणि बिनधोक, पण याला ते पचत नाही. तेव्हा कंपनीचं गोठवलेलं कच्चं खाणं देऊन बघा. नुसतं मटण नको, एवढ्या मोठ्या कुत्र्याची हाडं बिघडतील. पाकिटातल्यात कलेजी, हाडाचा चुरा सगळं मापात असतं. भांडं वेगळं ठेवा, हात धुवा, उघडं ठेवू नका. आणि आता उशीर करू नका, याच्या अंगात काही उरलेलं नाही.

योगिताला खरी भीती जंतूंची नव्हतीच. तिची सासू सरलाबाई माळकरी. त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हापासून या घरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. म्हणून मग गच्चीवर जुना फ्रीज चढवला, त्यावर ताग्याचं कापड टाकलं आणि सरलाबाई दिंडोलीला भजनाला गेल्याची वेळ साधून टिल्लूला वर आणलं. एवढा चोरीचा मामला करूनही हा पठ्ठ्या खाईना.

"आवडत नाही त्याला," कुंदन हताश होऊन म्हणाला.

"आवडत नाही तर लाळ कशाला गाळेल?" योगिता म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. तिनं कपाळावर हात मारला.

सरलाबाई टिल्लूचं भांडंही देवाच्या ताटासारखं मांडायच्या. ओल्या बोटांनी भोवती पाणी फिरवायचं, "इठ्ठला, आधी तू," म्हणायचं, की मग टिल्लूनं जेवायचं. पिल्लू होता तेव्हापासून तो असाच जेवत आला होता. पोटात आग पडली तरी देवाच्या आधी खायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

योगितानं घाईघाईनं बोटं बुडवून भांड्याभोवती पाणी फिरवलं. सासूसारखंच म्हटलंही. टिल्लूनं तिची बोटं चाटली आणि पुन्हा दाराकडे बघितलं. तो हात कुणाचा, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता काय करायचं? मांस द्यायला सरलाबाई कदाचित हो म्हणाल्याही असत्या. पण त्यावर पाणी फिरवून विठ्ठलाला आधी जेव म्हणायचं? हे त्यांच्याजवळ मागायचं तरी कसं? योगिताला रडूच आलं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. पेटीवाला आला नव्हता म्हणून भजन लवकर उठलं होतं. कुंदन चटकन भांड्याला आडोसा करून उभा राहिला. पण वास थोडाच आडोशाला राहतो! सरलाबाईंनी पदर नाकाला लावला.

"आई, चुकलं आमचं," म्हणत योगितानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं, फ्रीजचं, पाण्याचंही.

टिल्लू सरलाबाईंना बघून धडपडत उठला आणि भांड्यापाशी जाऊन नीट बसला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात बरगड्यांवर अडखळत गेला.

"हाई त्याले पची का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हनस, पची," कुंदन मान खाली घालून म्हणाला. "पन माय, तुनी माळ..."

"माळ मी घालेल शे. त्यानी नही."

त्यांनी हात धुतले आणि भांड्यापाशी बसल्या. पदर नाकावरून खाली सोडला. ओली बोटं भांड्यावर आली आणि तिथेच थांबली. माळेवर दुसरा हात गेला, ओठ हलले, पण रोजचे शब्द बाहेर येईनात. योगिताला ते बघवेना. "राहू द्या आई," ती म्हणाली, "त्याला हळूहळू शिकवू आपण."

टिल्लूचे पुढचे पाय लटपटले. तो पोटावर टेकला, पण नजर त्याच हातावर होती.

सरलाबाईंनी भांड्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि वर बघून ठणकावून म्हणाल्या, "इठ्ठला, आज तू उपाशी ऱ्हाय. मना लेकरूले जेवू दे."