आजीला सांगितलेली गोष्ट

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, "दात्याच्या बीजातून मूल होतंय, हे मुलापासून लपवू नका. लहानपणीच सांगा." म्हणून नवऱ्याने आणि मी लेकीला गोष्टीसारखं सांगितलं, की बाबांकडे बी नव्हतं, मग डॉक्टरांनी एका अनोळखी काकांचं दिलं. सासूबाईंना मात्र पत्ता लागू दिला नाही. नातीवरची त्यांची माया आटली तर?

आज वेणी घालताना लेक म्हणाली, "मी मागच्या सुट्टीतच आजीला सांगितलं. एका काकांनी आईला बी दिलं आणि मी झाले."

माझा हात थांबला. "मग? आजी काय म्हणाली गं?"

 

"मला घट्ट जवळ घेतलं आणि म्हणाली, बाबाला मुळीच कळू द्यायचं नाही हं, उगाच तुझ्या आईवर चिडेल."