रांगेतले नऊ सेकंद

चहावर साय धरली होती. दारावरचं झेंडूचं तोरण सुकलं होतं. टेबलावर हॉस्पिटलातून कंपनीत परत आलेला, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारा मॉनिटर उघडा होता. आतल्या दोन चिप्सनी एकमेकींना ठरलेली खूण पाठवली, ओळख पटली, हिरवा दिवा लागला.

"लिंक तर नीट जोडली जातेय," मॅडम म्हणाल्या. "मग नर्सच खोटं बोलतेय म्हणायचं? पेशंट गेला, तिला निलंबित केलंय. ती म्हणते, अलार्म उशिरा वाजला."

मॉनिटरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुहासने त्यातल्या नोंदी वाचल्या. हृदय थांबल्याची खबर नेणारं डेटाचं पॅकेट नऊ सेकंद रांगेत उभं होतं. पडद्यावरच्या चित्राची पॅकेट्स त्याच्यापुढे जात होती.

"मॅडम, ती खरं बोलतेय. चित्राला पहिला नंबर मी दिला. डेमोत ते अडखळत होतं. नंतर बदलायचं राहून गेलं."

"लेखी देशील?"

त्याने पेन उघडलं.

डेमोच्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.