पाचवे शील

"ते जुनं उकरून काढू नका, बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्याची दारू तेवढी सोडवा."

सांगवीतल्या त्या लहानशा खोलीत समुपदेशक विजयश्री मॅडम समोर बसल्या होत्या. गिरजाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत संघर्ष होता, त्यांचा एकुलता मुलगा. वय एकोणतीस, पण चेहरा कुणा थकलेल्या म्हाताऱ्याकडून उसना आणल्यासारखा. खाली रस्त्यावर एखाद्या दुकानाचे शटर धाडकन पडले. तो असा दचकला, की खुर्चीसकट मागे सरकला.

हे तिसरे ठिकाण होते. पहिल्या व्यसनमुक्ती केंद्राने सांगितले, आधी दारू सोडा, मनाचे मग पाहू. त्याने एकवीस दिवस सोडली. बाविसाव्या पहाटे तो किंचाळत उठला आणि दारूचे दुकान उघडण्याआधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. तो पितोच आहे हे कळल्यावर त्याही बंद केल्या. दारू सुटल्याशिवाय आठवणी शांत होत नव्हत्या आणि आठवणी शांत झाल्याशिवाय दारू सुटत नव्हती. गेल्या आठवड्यात यकृताचा रिपोर्ट आला. असाच पीत राहिला तर वर्षही काढणार नाही, असे डॉक्टरांनी गिरजाबाईंना बाजूला घेऊन सांगितले होते.

"दोन्हींवर एकदमच काम करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काय झालं, हे त्यांना बोलू द्यावं लागेल."

"काय व्हायचं? ज्ञानेश गेला, ह्याचा दोस्त. चाकणला, कंपनीत, ह्याच्याच मशीनवर. अपघात झाला, चौकशी झाली, मिटलं. दोन वर्षं झाली त्याला. ह्याला खरी लाज आहे ती पिण्याची. माझं लेकरू आहे, मला कळतं."

आणि त्यांना खरोखरच तसे वाटत होते. दर रविवारी संत तुकाराम नगरच्या विहारात वंदना सुरू झाली, की संघर्ष उठून बाहेर जाई. वंदनेत म्हणायच्या पंचशीलांतले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. पिणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावे? ते एक शील त्याच्या ओठांवर आले, की आपला पोरगा वाचला, अशी गिरजाबाईंची समजूत होती. दुसरा कसलाच आधार त्यांच्यापाशी उरला नव्हता.

"म्हण रे इथं, बाईंसमोर. पाचही शीलं घे."

संघर्ष जमिनीकडे पाहत राहिला.

"बघा! विहारातबी हेच. चपलांपाशी उभा राहतो. बाया विचारतात मला, गिरजाबाई, वॉचमन कधी ठेवला म्हणून."

मॅडम हसल्या नाहीत. त्या संघर्षकडे वळल्या. "जेवढं म्हणवेल तेवढंच म्हणा. सुरुवात कुठूनही करा."

मग त्याचा घोगरा आवाज आला.

"मी मद्यापासून दूर राहीन."

गिरजाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले.

"मी खोटं बोलणार नाही." तो थांबला नाही. "व्यभिचार करणार नाही. चोरी करणार नाही."

आणि तिथे तो अडला. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. वर्गात अडखळलेल्या मुलाला सांगावे, तशा गिरजाबाई आनंदाने पुढे वाकल्या.

"अरे, पहिलं राहिलं की! सगळ्यात सोपं. मी कुणाचाही जीव..."

त्यांचे वाक्य तसेच अर्धवट राहिले.

"प्रेसला दोन बटणं असतात, माय," संघर्ष म्हणाला. "दोन्ही हातांनी दाबायची. हात बटणांवर असले म्हणजे मशीनखाली जात नाहीत. पण माल लवकर निघावा म्हणून आम्ही एक बटण पट्टीनं बांधून ठेवायचो. सगळेच ठेवायचे. मग एका हातानं काम व्हायचं. त्या दिवशी पत्रा अडकला, म्हणून ज्ञानेश आत वाकला होता. माझं तोंड मागं, सुपरवायझरकडं होतं. तो ओरडत होता, माल कुठंय म्हणून."

त्याने पहिल्यांदाच आईकडे पाहिले.

"बटण मी दाबलं, माय."