कुत्र्याचं फोल्डर

“वहिनी, कमांड देऊन पुसू नका. फोल्डर उघडून आत बघा, मग कचरापेटीत टाका, तिथून परत तरी आणता येतं,” दीर म्हणाला होता. मृण्मयीनं ते हसण्यावारी नेलं.

कुत्रा चावल्यापासून तिची लेक झोपेत किंचाळायची. लेकीच्या आठवणी संगणकावर फोल्डरांत लावलेल्या होत्या; त्यांतलं ‘कुत्रा’ हे फोल्डर मृण्मयीनं न उघडताच एका ओळीच्या कमांडनं कायमचं पुसलं. पोर शांत झोपली.

सकाळी आजोबा आले, तर पोर आईला बिलगली. “हे कोण?”

आजोबांबरोबरची तिची प्रत्येक संध्याकाळ गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालण्यात जायची. आजोबा सगळेच्या सगळे त्या फोल्डरमध्ये होते.

“असू दे गं,” म्हणत ते उंबऱ्यावरूनच परतले. आता फोन उचलत नाहीत. सातपूरच्या दत्तमंदिरामागे ते एकटेच राहतात. तिकडचं कुणी वाचत असेल, तर मृण्मयी विनवते आहे: एकदा त्यांचं दार वाजवून बघा.