मिठाच्या चार गोळ्या

१६ मे १९६१, सकाळी सव्वासहा; गोळ्या चार. रात्रपाळीत पोलादाच्या भट्टीवर घामासाठी मिळालेल्या मिठाच्या गोळ्या भाऊरावाने नेहमीप्रमाणे न खाता घरी आणल्या. त्याचे आजोबा आणि वडील मूत्रपिंडाच्या विकाराने चाळिशीतच गेले होते. म्हणून आई ठकूबाई त्याला अळणीच वाढी आणि रोज सकाळी त्याच्या पापण्यांवर नवऱ्याला आजारात यायची ती सूज शोधी.

"दादा, मले दे!" धाकटी हिरा रोजच्यासारखी गोळी कुटून कैरीला लावू लागली. "पोरीच्या जातीले काय होते?"

"खाऊ दे तिले," ठकूबाई म्हणाली. " हा रोग आपल्या घरच्या बाप्या माणसायलेच धरते."

मुलाचा चेहरा स्वच्छ होता. निर्धास्त होऊन ठकूबाईने मुलीकडे पाहिले. हसणाऱ्या हिराच्या डोळ्यांवर नवऱ्याच्या त्याच सुजलेल्या पापण्या होत्या.



दुपारी ठकूबाई दोघांनाही घेऊन गेली तेव्हा दुर्गच्या डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला : भाऊरावाचा एकशे वीस, हिराचा दोनशे दहा.